दुखणे खरे मानण्यापासून उपचार सुरू होतो

खान्देशात हाताचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झेलत, पसरवत, अलगद पालथ्या खापरावर टाकायचा, हे काम साच्याने होत नाही आणि यंत्रानेही होत नाही. कळण्याची भाकरी थापायची ती तळहाताने. बोंडाच्या टोकदार वाळलेल्या पाकळ्यांतून कापूस अचूक ओढून काढायचा तो बोटांच्या शेंड्यांनी. जळगाव-धुळ्याकडच्या घराचा आणि शेताचा निम्मा व्यवहार स्त्रियांच्या या दोन हातांवर चाललेला असतो.

असा एखादा हात मोडतो. मोरीत पाय घसरतो, तोल सावरण्यासाठी हात टेकला जातो आणि मनगटाजवळचे हाड तुटते. पन्नाशी ओलांडलेल्या, पाळी थांबल्यावर हाडे विरळ झालेल्या स्त्रियांमध्ये हा अस्थिभंग फार नेहमीचा आहे. पाच-सहा आठवडे प्लास्टर राहते, मग ते कापले जाते. क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसते. बहुतेकींच्या बाबतीत गोष्ट इथे संपते. काहींच्या बाबतीत ती इथून सुरू होते.

प्लास्टर निघाल्यावरही हात सुजलेला असतो. कधी लालसर आणि गरम, कधी निळसर आणि गार. एका तळव्याला घाम सुटतो, दुसरा कोरडा असतो. नखांची वाढ बदलते, मनगटावरची लव दाट होते किंवा झडते, त्वचा ताणल्यासारखी चकचकीत दिसू लागते. बोटे मिटत नाहीत. आणि आग! निखाऱ्यावर हात धरल्यासारखी, रात्री झोपू न देणारी. पदर घासला तरी कळ उठते, उन्हाळ्यात कूलरचा झोत हातावर आला तरी सहन होत नाही. मूळ दुखापतीच्या मानाने हे दुखणे कितीतरी पटींनी मोठे असते आणि ती दुखापत भरून आल्यावरही ते थांबत नाही.

घरात मात्र संवाद ठरलेला असतो. ‘आता प्लास्टरही निघालं, मग दुखायचं काय राहिलं?’ सासूबाई मनात म्हणतात, कामाचा कंटाळा आला असेल. नवरा रिपोर्ट पुन्हा उजेडात धरून पाहतो, त्यात तर सगळे ठीक लिहिलेले असते. शेजारच्या काकू आपल्या मोडलेल्या हाताची कथा सांगतात आणि आपण आठव्या दिवशी धुणे कसे धुतले, तेही सांगतात. चार ठिकाणी हेच ऐकून ती बाई बोलणे बंद करते. हात गळ्यात अडकवून, छातीशी धरून, कोणाचा धक्का लागू नये म्हणून कोपरा पाहून बसू लागते. हे बोलणे बंद होणे आणि हात हलवणे बंद होणे, या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. या व्याधीत सर्वाधिक नुकसान तिथेच होते.

या व्याधीला वैद्यकशास्त्रात ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’ म्हणतात. व्यवहारात सीआरपीएस. ‘रीजनल’ याचा संबंध प्रदेशाशी नाही, शरीराच्या एका भागाशी आहे. एक हात, एक पाय, त्या भागापुरती गुंतागुंतीची वेदना. मराठीत तिला रुळलेले नाव नाही, आणि ज्या दुखण्याला नाव नसते त्याच्यावर घरातल्या माणसांचा विश्वास बसणेही कठीण असते. म्हणून हे परके नाव तूर्त माहीत करून घ्यायला हरकत नाही.

आजार नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फिया येथील टर्नर्स लेन रुग्णालयात मज्जातंतूंना गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार होत असत. सायलस वेअर मिचेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1864 मध्ये या जखमांवर ग्रंथ लिहिला. जखम भरलेली, पण हातापायाची आग असह्य, असे सैनिक त्यांनी पाहिले. हे सैनिक हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत. वर्तमानपत्राची सळसळ किंवा जवळून जाणाऱ्याची पावलेसुद्धा त्यांची कळ वाढवीत. आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की याच तीन डॉक्टरांनी त्याच वर्षी आजाराचे सोंग घेणारे सैनिक कसे ओळखावेत, यावरही लेख लिहिला होता. ढोंग पकडण्यात हात बसलेल्या या माणसांनी ही आग मात्र खरी ठरवली. घरातल्या बाईच्या दुखण्यावर बसल्या बैठकीला निकाल देणाऱ्यांनी एवढा इतिहास तरी लक्षात ठेवावा.

पुढे 1900 मध्ये हॅम्बुर्गचे शल्यचिकित्सक पॉल सुडेक यांनी अशा रुग्णांच्या हाडांत ठिकठिकाणी विरळपणा येतो, हे क्ष-किरणांच्या साह्याने दाखवले. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. जुने अस्थिरोगतज्ज्ञ आजही ‘सुडेक’ म्हणूनच या आजाराचा उल्लेख करतात. मग अनेक नावे आली आणि गेली. 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने आजचे नाव ठरवले. मज्जातंतूला उघड इजा नसेल तर पहिला प्रकार, असेल तर दुसरा.

हे प्रमाण किती? अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या एका परगण्यातील पाहणीत दरवर्षी लाखामागे सुमारे 5 नवे रुग्ण आढळले, ती 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील पाहणीत हा आकडा 26 निघाला. दोन्हीकडे स्त्रिया पुरुषांच्या तिप्पट-चौपट, पायापेक्षा हाताला बाधा अधिक आणि कारणांत अस्थिभंग पुढे. 2011 च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42 लाखांच्या वर आणि धुळे जिल्ह्याची 20 लाखांच्या वर आहे. परदेशातील प्रमाण इथे जसेच्या तसे लावणे शास्त्रशुद्ध नव्हे. तरी अंदाजापुरता गुणाकार केला, तर या दोन जिल्ह्यांत दरवर्षी तीनशेहून अधिक आणि कदाचित सोळाशेपर्यंत नवे रुग्ण असू शकतात. धुळे तर मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर अशा तीन महामार्गांच्या मिलनावर वसलेले शहर. अपघातातील मोडलेले हातपाय तिथल्या रुग्णालयांना नवे नाहीत. पक्षाघातानंतर लुळ्या पडलेल्या हातातही हीच लक्षणे दिसतात, आणि शस्त्रक्रियेनंतर किंवा साध्या मुरगळण्यानंतरही.

मग हाड जुळल्यावरही दुखते कशामुळे? दुखापत झाली की शरीर सूज आणते, त्या भागातील मज्जातंतू अधिक संवेदनशील करते. बरे होण्याच्या प्रक्रियेचाच तो भाग. या व्याधीत ही प्रक्रिया थांबायची वेळ आली तरी थांबत नाही. रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरण आणि घाम ज्या स्वायत्त मज्जासंस्थेच्या ताब्यात असतो, तिचाही तोल ढळतो. म्हणून हाताचा रंग आणि तापमान बदलत राहते. मेरुरज्जू आणि मेंदू यांना सततच्या वेदनासंदेशांची जणू सवय लागते, आणि साधा स्पर्शही त्यांना इजेसारखा वाटू लागतो. मेंदूत प्रत्येक अवयवाचा एक नकाशा असतो, तोही बदलतो. काही रुग्णांना आपला हात आहे त्यापेक्षा मोठा वाटतो, काहींना तो आपला वाटतच नाही. या बायका ‘हा हात माझा नाहीच’ असे म्हणतात, तेव्हा घरचे घाबरून देवऋषीकडे धावतात. ती बाधा नव्हे, या आजाराचे नोंदलेले लक्षण आहे.

‘मनाचे खेळ’ हा शब्दप्रयोग म्हणूनच इथे चुकीचा आहे. मनाच्या दुबळेपणामुळे हा आजार होतो, असे संशोधनातून सिद्ध झालेले नाही. महिनोन्महिने झोप नाही, काम नाही आणि विश्वासही नाही, अशा स्थितीत निराशा येते. तो आजाराचा परिणाम असतो. ती निराशा जीवनावरची वासना उडण्यापर्यंत जाऊ शकते आणि त्या वेळी मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेणे हा उपचाराचाच भाग ठरतो. त्यात लाज कसली?

आपल्याकडे सोशिकपणाचे फार कौतुक आहे. दुखणे अंगावर काढणारी स्त्री आदर्श मानली जाते. सहनशीलता हा सद्गुण आहे, यात वाद नाही. परंतु सहन करणे आणि लपवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समर्थ रामदासांच्या हस्तलिखितांचा ठेवा धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेला आहे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी आध्यात्मिक तापाचे वर्णन करताना देहाच्या दुखण्यांची खरजेपासून नारूपर्यंत लांबच लांब जंत्री दिली आहे. विरक्तीचा उपदेश करणाऱ्या संताला देहाची पीडा नावानिशी सांगण्यात कमीपणा वाटला नाही. मग घरातल्या सुनेने ‘हात जळतोय’ म्हटले, तर ते नाजूकपण का ठरावे?

निदानाची एक अडचण खरी आहे. ‘हा पाहा आजार’ असे दाखवणारी एकच एक तपासणी नाही. रक्ताचे अहवाल आणि क्ष-किरण चित्र सामान्य असले, तरी आजार असू शकतो. 2003 मध्ये बुडापेस्ट येथे तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिथून निघालेले निकष आज जगभर वापरले जातात. दुखापतीच्या मानाने अधिक आणि सतत टिकणारी वेदना. संवेदना, रंग व तापमान, सूज व घाम, हालचाल व त्वचा-केस-नखे या चार गटांपैकी तीन गटांतील तक्रारी रुग्णाने सांगणे आणि किमान दोन गटांतील खुणा डॉक्टरांना प्रत्यक्ष दिसणे. आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने याचा अधिक चांगला उलगडा न होणे, असे त्यांचे स्वरूप आहे. म्हणजे निदान रुग्णाचे ऐकण्यावर आणि दोन्ही हात शेजारी ठेवून बारकाईने पाहण्यावर उभे आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत नेमका याच गोष्टीला वेळ मिळत नाही.

मात्र प्रत्येक दुखणारा हात सीआरपीएसचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. प्लास्टर चढवलेले असतानाच बोटे पांढरी-निळी पडली, बधिर झाली, बोट हलवताच प्राणांतिक कळ आली, तर प्लास्टर घट्ट झाल्याने रक्तप्रवाह अडला असण्याचा संभव असतो. तिथे सकाळची वाट पाहायची नसते. त्याच रात्री रुग्णालय गाठायचे असते. ताप, पू, पोटरीची अचानक सूज यांचीही कारणे वेगळी असतात आणि त्यांना तातडीचा उपचार लागतो.

उपचारांचा विषय निघाला की आपल्याकडे ‘हे सगळे आपल्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. सुश्रुतांनी हा आजार ओळखला होता, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्यांनी जे खरोखर लिहिले, ते या दाव्याहून अधिक उपयोगी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेचा अध्याय सांगतो, की बंध फार सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट असेल तर त्वचेला सूज, वेदना व पाक होतो. म्हणून बंध मध्यम असावा. थंड ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उष्ण काळात तीन दिवसांनी तो सोडून पुन्हा बांधावा. तळहाताच्या अस्थिभंगासाठी तर पुनर्वसनाचा क्रमच दिला आहे. रुग्णाने हातात आधी शेणाचा गोळा धरावा, मग मातीचा आणि हातात बळ आल्यावर दगड. हलक्यापासून जडाकडे, मऊपासून कठीणाकडे, एकेक पायरी. आजचा भौतिकोपचारतज्ज्ञ रबरी चेंडू देतो तेव्हा तो हेच तत्त्व पाळत असतो.

आपल्या गावोगावच्या हाडवैद्यांपैकी किती जण सुश्रुतांची ही मध्यम बंधाची सूचना पाळतात, हा प्रश्न विचारायला हवा. करकचून बांधलेल्या बांबूच्या पट्ट्या, आठ-आठ दिवस न सोडलेले लेप आणि मग बोटे मोडून ‘मोकळी’ करण्याचा खटाटोप, याला आयुर्वेद म्हणणे हा आयुर्वेदावर अन्याय आहे.

सीआरपीएसच्या उपचाराचा कणा म्हणजे हालचाल. हात पूर्ण विश्रांतीला टाकला की सांधे आखडतात, स्नायू रोडावतात, मेंदू त्या हाताला विसरत जातो. उलट, कोणी जबरदस्तीने पिरगाळून हात सोडवायला गेले तर आग भडकते. मार्ग या दोहोंच्या मधला आहे. रुग्णाने स्वतः, सोसेल तितके, पण दररोज हलवायचे. आज बोटे दहा वेळा उघडली-मिटली, तर चार दिवसांनी बारा वेळा. बरे वाटलेल्या दिवशी अति करायचे नाही आणि वाईट दिवशी पूर्ण थांबायचे नाही. कढत पाणी, बर्फ, रगडून मालीश हे टाळायचे. बर्फाने क्षणभर बरे वाटते; पण गारवा आणि उष्णता यांचे भान बिघडलेल्या त्या हाताला तो सहसा मानवत नाही.

स्पर्शाची भीती घालवण्यासाठी जो उपचार केला जातो, त्याला लागणारे साहित्य खान्देशात घरोघरी आहे. सुरुवात सरकी काढलेल्या कापसाने करायची. तो दुखऱ्या भागाच्या कडेने, दिवसातून काही वेळा, मिनिट-दोन मिनिटे फिरवायचा. तो सोसू लागला की जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा, मग खादी, मग खरखरीत पंचा. पुढे परातीतल्या तांदळात किंवा दादर ज्वारीत बोटे घालून फिरवायची. मेंदूला पुन्हा शिकवायचे, की हा स्पर्श आहे, इजा नव्हे. याला आठवडे लागतात.

दुसरे साधन म्हणजे आरसा. तामिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत संशोधन करणारे मज्जाशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात हात कापावा लागलेल्या रुग्णांसाठी आरशाचा उपचार शोधला. छातीसमोर आरसा उभा ठेवायचा, दुखरा हात त्याच्या मागे लपवायचा आणि चांगल्या हाताची हालचाल आरशात पाहायची. मेंदूला वाटते, दुखरा हातच सहज हलतो आहे. 2003 मध्ये इंग्लंडमधील बाथ येथील संशोधकांनी सीआरपीएसच्या सुरुवातीच्या रुग्णांमध्ये याचा लाभ नोंदवला. पुढे ऑस्ट्रेलियाचे लोरिमर मोझली यांनी त्याला पायऱ्या जोडल्या. आधी चित्रातला हात डावा की उजवा हे ओळखायचे, मग हालचालीची केवळ कल्पना करायची आणि शेवटी आरसा. जुना आजार असेल तर थेट आरशाने त्रास वाढूही शकतो. म्हणून हे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सुरू करावे.

औषधे आहेत, पण ती या हालचालीला मदत करण्यासाठी. सुरुवातीच्या सुजेच्या काळात थोड्या दिवसांची स्टेरॉइड, हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे, मज्जातंतूंची वेदना शमवणारी गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलीन यांसारखी औषधे डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात. त्यांनी भागले नाही तर मानेजवळच्या मज्जागुच्छाला बधिर करणारी सुई आणि फार थोड्यांसाठी मेरुरज्जूजवळ बसवायचे विद्युत्‌यंत्र, असे उपाय आहेत. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या स्वतःच घेत राहणे हा मात्र उपचार नव्हे. मूत्रपिंड त्याची किंमत मोजते. बऱ्याच रुग्णांची लक्षणे पहिल्या वर्षात पुष्कळ कमी होतात. काहींची वर्षानुवर्षे राहतात, आणि तेव्हा ध्येय बदलावे लागते. वेदना शून्य होण्याची वाट न पाहता, तिच्यासह किती कामे पुन्हा हाती घेता येतील, ते पाहावे लागते.

प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अनेक वर्षांपासून आहे, जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 मध्ये सुरू झाले. हाड जोडण्याची सोय जिल्ह्यात आहे. पण आपल्या आरोग्यसेवेच्या हिशेबात हाड जुळले की रुग्ण बरा झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यातील पाड्यावरच्या बाईने आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी शहरात यावे, ही अपेक्षा मजुरी बुडवून कशी पूर्ण व्हायची? मार्च 2023 पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहे, तो एक आधार. बुडालेल्या दिवसाची मजुरी मात्र एसटी देत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार नोंदले आहेत, त्यांत दीर्घकालीन वेदनेचे नाव नाही. दिसणारे व्यंग मोजता येते, जळणारा हात मोजायचा कसा, या पेचात ही माणसे अडकतात.

यातले सगळे काही सरकारी आदेशाची वाट पाहणारे नाही. प्लास्टर घालतानाच, ज्या बोटांना मोकळे ठेवले आहे ती दिवसातून किती वेळा हलवायची आणि खांदा-कोपर कसा फिरवायचा, हे रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला करून दाखवायला पाच मिनिटे लागतात. प्लास्टर काढल्यावर दोन आठवड्यांनी एकदा दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले, तर सूज, रंग, घाम यांतला फरक तालुक्याच्या डॉक्टरांनाही दिसेल आणि वेळेत पुढे पाठवता येईल. रुग्णांना कुबड्या, वॉकर, खाटा वापरायला देणाऱ्या सेवाभावी संस्था दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या साहित्यात एक उभा आरसा आणि व्यायामाची सचित्र पत्रिका सहज मावेल. ती पत्रिका मराठीत आणि अहिराणीत असावी, पावरी बोलणाऱ्या पाड्यांसाठी त्यांच्या बोलीत असावी. तिच्यावर पहिली सूचना रुग्णासाठी नको, घरच्यांसाठी हवी: हात दुखतो असे ती म्हणते, तर तो दुखतो.